मधल्या गावची तिकिटं

शाळांना सुट्टी लागणार हे मुलांच्याही आधी विमान कंपन्यांना कळतं, असं कार्मेनचं ठाम मत होतं. एरवी मकायहून ब्रिस्बेनला ज्या भाड्यात जाऊन येता यायचं, त्याच भाड्यात सुट्टीच्या पहिल्या शनिवारी माणूस धावपट्टीच्या टोकापर्यंतही पोचायचा नाही. हे ती चिडून सांगायची नाही. एखाद्या वस्ताद पत्तेबाजाबद्दल बोलावं तशी जरा कौतुकानेच बोलायची.

गावच्या तरणतलावावर ती लहान मुलांना पोहायला शिकवायची. दोन वर्गांच्या मधे ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून बाकावर बसायची आणि फोनवर भाडी बघायची. कोणी विणकाम करतं, कोणी शब्दकोडी सोडवतं, तशी ही भाडी बघायची. जायचं असो वा नसो. तलावाच्या काठावर बसणाऱ्या आयांना हे पक्कं माहीत होतं.

"कार्मेन, सासूबाईंना सिडनीहून आणायचंय गं सुट्टीत. बघ की जरा."

"शुक्रवारी आणू नकोस, महागात पडतील. मंगळवारी आण."

"आणि परत?"

"परत कधी पाठवायचं ते तू ठरव. लवकर पाठवायचं असेल तर स्वस्तात मिळतंय."

पण जगाची तिकिटं जुळवणाऱ्या या बाईला स्वतःच्या भावाचं तिकीट काही जुळवता येत नव्हतं. सॅव्ह, तिचा एकुलता एक धाकटा भाऊ, पर्थला राहायचा. देशाचं एक टोक मकाय धरलं तर पर्थ अगदी दुसरं. चार वर्षांपूर्वी त्यांचे वडील अचानक गेले, तेही सप्टेंबरच्या सुट्टीत. सगळी विमानं भरलेली. सॅव्हला जागा मिळून तो घरी पोचला तेव्हा दफन होऊन लोक पांगलेही होते. एक रात्र राहून तो परत गेला, आणि त्यानंतर आला नाही. दर सुट्टीच्या आधी फोनवर तेच बोलणं व्हायचं.

"भाडी बघितलीस ना, कार्म?"

"बघितली रे बाबा."

"मग? पुढच्या वेळी बघू."

कार्मेनला त्यात काही वावगं वाटायचं नाही, कारण भाडी खरंच तशी होती. मुलं मात्र मोठी होत चालली होती. तिची टालिया बारा वर्षांची झाली, बोडी आठचा. सॅव्हच्या मुलीला, मार्नीला, ती दोघं फक्त फोनच्या चौकटीतून ओळखत. बोडीला बरेच दिवस वाटायचं की मार्नीला पायच नाहीत.

एका रविवारी जेवणं आटोपल्यावर त्यांच्या आईने, जूझाने, विषय काढला. घर तिचंच होतं. नवरा गेल्यावर कार्मेन, तिचा नवरा डॅरिल आणि मुलं तिच्याकडे राहायला आली होती. माल्टाहून आलेल्या ऊसवाल्यांच्या घरात जन्मलेली ही बाई उभं आयुष्य दुसऱ्यांना वाढण्यात घालवूनही कधी काही मागायची नाही, आणि मागितलं तर नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती.

"जुलैत मला पंचाहत्तर पुरी होतील," ती म्हणाली. "केक नको. भेटी नकोत. मागच्या वर्षी तुम्ही ते पाय चोळायचं यंत्र दिलंत, ते अजून खोक्यात आहे. मला माझी दोन्ही पोरं एका टेबलाला जेवताना बघायची आहेत. बास."

डॅरिलने कार्मेनकडे बघितलं. कार्मेनने छताकडे.

त्या आठवड्यात तिने तलावावरचे सगळे मोकळे क्षण पर्थ ते मकाय या एका रस्त्यावर घालवले. सकाळचं विमान, दुपारचं विमान, ब्रिस्बेनवरून, सिडनीवरून, एकदा तर डार्विनवरून. सॅव्ह, त्याची बायको रेने आणि मार्नी, तिघांचं भाडं मिळून जो आकडा यायचा त्यात जुनी गाडी आली असती. शेवटी तिने फोन केला.

"तुम्ही सगळे बालीला या," सॅव्ह म्हणाला. "पर्थहून बाली मकायपेक्षा स्वस्त पडतं. खरं सांगतो. परदेशात जाणं परवडतं आणि आईकडे जाणं परवडत नाही, असा देश आहे आपला."

जूझा शेजारीच मटार सोलत बसली होती. तिने न बघताच उत्तर दिलं, "त्याला सांग, माझ्याकडे पासपोर्ट नाही. आणि या वयात मी माझा फोटो काढू देणार नाही."

"मा, बालीला समुद्र आहे, मसाज आहे..."

"समुद्र इथे आहे. मसाजचं यंत्र खोक्यात आहे."

बाली तिथेच बुडालं.

उपाय सुचला तो तलावावरच. सकाळच्या वर्गाला पाच नवी पोरं आली होती, अजून शाळेत न जाणारी, सगळी मेलबर्नची, गोरीपान, आज्यांकडे राहायला आलेली. कार्मेन त्यांच्याकडे बघत राहिली. मे महिन्यातच ही सुरुवात, मग जुलैत, ऐन हिवाळ्यात, तर अख्खा दक्षिण देश ऊन खायला इकडे वर येणार. म्हणून तर वर येणारी विमानं भरलेली. पण ती विमानं परत खाली जाताना? जुलैतल्या कडाक्याच्या थंडीत, सुट्टी नुकती सुरू झालेली असताना, इथलं ऊन सोडून खाली कोण जातंय?

कोणी जात नसणार.

तिने टॉवेल बाजूला टाकला आणि फोन घेतला. मेलबर्न नको, तिथे बर्फ बघणाऱ्यांची गर्दी. अ‍ॅडलेड. जुलैतला मंगळवार. आकडा बघून तिने फोन उन्हातून सावलीत नेला आणि पुन्हा बघितला. मग पर्थहून अ‍ॅडलेड बघितलं. तेही तसंच स्वस्त! मकायकडच्या आणि पर्थकडच्या सुट्ट्या वेगवेगळ्या असतात, पण मधला एक आठवडा दोघांचा मिळतो. त्याच आठवड्यात आईचा वाढदिवस, आणि डॅरिलची खाणीतली पाळीही त्याच आठवड्यात संपत होती. नव्हती, खरं तर. एका दिवसाने चुकत होती. पण डॅरिलने एका दोस्ताबरोबर पाळी बदलून घेतली, त्या बदल्यात त्याच्या बोटीला रंग द्यायचं कबूल केलं.

"सॅव्ह, ऐक. घरी येऊ नकोस."

"म्हणजे?"

"तूही निघ, आम्हीही निघतो. मधे भेटू. अ‍ॅडलेडला."

"अ‍ॅडलेड? जुलैत? कार्म, तिथे हाडं गोठतात."

"म्हणूनच स्वस्त आहे! शहरात राहायचंच नाही. तिथून तीन तासांवर समुद्राकाठी स्टॅन्सबरी म्हणून गाव आहे. मी घर बघून ठेवलंय. उन्हाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि आता ती घरमालकीण मला दोनदा विचारते, 'तुम्हाला नक्की जुलैच म्हणायचंय ना? जानेवारी नाही ना?'"

सॅव्ह हसला नाही.

"मकायला नाही. अ‍ॅडलेडला," तो म्हणाला.

"हो रे. किती वेळा सांगू?"

"येतो."

इतक्या पटकन तो हो म्हणेल असं तिला वाटलं नव्हतं. पाच मिनिटांत रेनेचा निरोप आला: 'हा खरंच हो म्हणाला? काय जादू केलीस?' कार्मेनला वाटलं, जादू कसली, भाड्याची करामत.

तिकिटं काढायचा दिवस ठरला शनिवार दुपारचा. एकाने काढली आणि दुसऱ्याची भाडी तेवढ्यात वर गेली तर? मग थंडीत अ‍ॅडलेडला जाऊन कोणाला भेटायचं, कबुतरांना? म्हणून दोन्ही घरांनी एकाच वेळी बटण दाबायचं असं कार्मेनने फर्मान काढलं. टेबलावर एक फोन उभा करून ठेवला होता, त्यात पर्थचं सगळं कुटुंब. टालिया नावं भरायला बसली.

"मला खिडकी!" बोडी ओरडला.

"खिडकीचे पैसे वेगळे," टालिया म्हणाली. "तुला जिथे बसवतील तिथे बस."

"मला पण खिडकी!" पर्थहून मार्नी.

"पाच जणं," कार्मेन म्हणाली. टालियाने पाच भरलं, आणि भाडं टुणकन वर गेलं.

"मम! वाढलं!"

"घाबरू नकोस. स्वस्तातल्या तीनच जागा उरल्यात, म्हणून मशीन पाचही जणांना वरच्या भावात ढकलतंय. तिघांचं वेगळं काढ, दोघांचं वेगळं. मग तीन तरी स्वस्तात पडतील."

"आणि ते दोघं कोण?" डॅरिलने विचारलं.

"तू आणि मी. आपण महागाची माणसं."

डॅरिलने जरा ऐटीत शर्टाची कॉलर सारखी केली.

जूझा टेबलाच्या टोकाला बसून संत जोसेफच्या कानाशी लागली होती. जूझा हे जोसेफचंच रूप, म्हणजे तो तिच्या नावाचा संत, शिवाय गरोदर बायकोला घेऊन निघालेला, तेव्हा प्रवासाचं त्यालाही ठाऊक, गाढवावरून का होईना.

"तयार? एक, दोन, तीन!"

टालियाने दाबलं. चक्र फिरलं, थांबलं. झालं. डॅरिल आणि कार्मेनचंही झालं. इकडे टाळ्या पडल्या. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की पर्थचा फोन गप्प आहे.

"सॅव्ह?"

"फिरतंय."

"अरे काय फिरतंय?"

"ते गोल गोल. फिरतंय अजून."

"बंद करू नकोस! हात लावू नकोस कशाला!"

"मी हातच लावत नाहीये, कार्म, तू ओरडू नकोस. रेने, तू श्वास घे."

बोडीने डोळे घट्ट मिटून घेतले. जूझाने संताला मध्येच थांबवून फोनकडे तोंड केलं आणि म्हणाली, "सॅव्ह, बाळा, त्याला जरा हलवून बघ."

आणि तिकडून मार्नीची किंकाळी आली. "झालं! झालं! आलं तिकीट!"

मग त्या स्वयंपाकघरात असा काही गलका झाला की शेजारचा म्हातारा कुंपणाशी येऊन विचारून गेला, कोणी लॉटरी जिंकली का. डॅरिलने सासूला खुर्चीसकट उचललं. ती त्याच्या टकलावर चापट्या मारत होती आणि हसत होती.

स्वस्तातल्या तिकिटांबरोबर सामान नव्हतं. माणशी सात किलोची एक हातातली बॅग, बास. आता मकायहून निघणारा माणूस बारा महिने अर्ध्या चड्डीत, आणि जायचं कुठे तर हाडं गोठवणाऱ्या गावी. शिवाय जूझाने पास्टिझी करून ठेवल्या होत्या, पापुद्र्यांच्या, आत ताजं चीज भरलेल्या, आणि त्या बर्फासारख्या गोठवून तीन डबे भरले होते.

"मा, तिथे दुकानं आहेत."

"दुकानात माझ्या पास्टिझी मिळतात?"

मग असं ठरलं की कपडे बॅगेत घालायचे नाहीत, अंगावर घालायचे. त्या मंगळवारी मकायच्या विमानतळावर ऊन मी म्हणत होतं आणि रांगेत हे पाच जण एकावर एक तीन तीन स्वेटर चढवून उभे होते. बोडीचे हात अंगाला टेकत नव्हते. डॅरिलच्या कपाळावरून घाम टपकत होता. जूझाने नवऱ्याचा जुना ओव्हरकोट घातला होता, आणि त्याच्या आतल्या, बाहेरच्या, सगळ्या खिशांत पास्टिझी. तेवढी एकटी ती गार होती.

दाराशी उभ्या असलेल्या पोरीने सगळ्यांच्या बॅगा काट्यावर ठेवल्या. जूझाची बॅग बरोबर सात किलो भरली. पोरीने बॅगेकडे बघितलं, मग त्या चौकोनी कोटाकडे.

"बॅगेचं वजन ठीक आहे, आजी. पण तुमचं किती?"

"बाईमाणसाला असं विचारू नये, पोरी," जूझा गंभीरपणे म्हणाली.

पोरगी ओठ दाबून राहिली, पण तिचे खांदे हलत होते. "जा आत," ती म्हणाली. "वितळायच्या आत जा."

ब्रिस्बेनला विमान बदललं. पुढच्या विमानात पाचही जणांना पाच कोपऱ्यांत जागा मिळाल्या. अ‍ॅडलेड जवळ आलं तशी सूचना झाली, की बाहेरची फळं त्या राज्यात न्यायला मनाई आहे, उतरल्यावर पेटीत टाकावी लागतील. ते ऐकून मागच्या रांगेत खळबळ उडाली. जूझाच्या पायाशी बॅगेत पिशवीभर संत्री होती, शेजाऱ्यांच्या झाडाची, त्या सकाळी तोडलेली.

"टाकायची? पेटीत?" तिचा आवाज कार्मेनला पुढे सातव्या रांगेत ऐकू आला. "ही संत्री?"

कार्मेन पट्ट्याने जखडलेली, मागे वळून बघते तर आईने संत्री सोलायला घेतलेली. शेजारच्या सुटातल्या माणसाला अर्धं, पलीकडच्या लेकुरवाळीला अर्धं, मग हातोहात पुढच्या रांगांकडे. "खा, बाळा, खा. दहा मिनिटं आहेत." विमानभर संत्र्याचा वास सुटला. सुटातला माणूस स्वतः सोलायला लागला. सातव्या रांगेपर्यंत फोडी आल्या तेव्हा कार्मेनला शेजारच्या मुलीने विचारलं, "या बाई कोण आहेत हो?"

"माझी आई," कार्मेन म्हणाली, आणि तिला एकदम फार बरं वाटलं.

सॅव्ह बाहेर उभा होता. दाढीत पांढरं आलं होतं, ते फोनवर दिसायचं नाही. जूझा त्याच्यासमोर जाऊन थांबली, दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला, इकडे वळवला, तिकडे वळवला.

"वाळलास."

"नाही गं मा, सहा किलो वाढलोय."

"तोंड वाळलंय," ती म्हणाली, आणि त्याला त्या कोटात ओढून घेतलं. आतून काहीतरी चुरल्याचा आवाज आला. "मेलं! चार पास्टिझी गेल्या," ती रडता रडता म्हणाली.

मार्नी आणि बोडी एकमेकांसमोर पुतळ्यासारखे उभे होते. बोडी तिच्या बुटांकडे बघत होता. "धावता येतं तुला?" त्याने विचारलं. मार्नीला हा अपमान वाटला, आणि पुढच्या क्षणी दोघं गाड्यांच्या तळाच्या दिशेने पळत सुटली होती.

स्टॅन्सबरीचं घर समुद्रावर होतं आणि खिडक्यांच्या फटींतून वारा शिट्ट्या घालायचा. हीटर एकच, तोही खोकायचा. सगळे एकाच खोलीत गाद्या ओढून झोपले. दिवसा किनाऱ्यावर चिटपाखरू नसायचं. अख्खा समुद्र, अख्खा धक्का, गावातलं बेकरीवाल्याचं दुकान, सगळं यांच्याच मालकीचं असल्यासारखं. बेकरीवाला तर दुसऱ्या दिवसापासून त्यांची वाट बघू लागला. डॅरिल आणि रेने मुलांना घेऊन वाळूत किल्ले खणत, नाकं लाल होईपर्यंत.

वाढदिवसाच्या दुपारी जूझाने फर्मावलं, की तिला भरलेली माकुलं, म्हणजे स्क्विड, करायची आहेत आणि माकुलं विकतची नकोत. धक्क्यावर गळ टाकला की मिळतात, असं बेकरीवाल्याने सांगितलं होतं. बहीण-भाऊ निघाले. वारा कापत होता. दोघं टोप्या कानांवर ओढून धक्क्याच्या टोकाला शेजारी शेजारी बसले, लहानपणी उसाच्या गाडीवर बसायचे तसे.

"हे बेस्ट झालं," कार्मेन म्हणाली. "आता दरवर्षी असंच करू. मधलं गाव शोधायचं. पुढच्या जुलैत मिल्ड्युरा बघते. किंवा अ‍ॅलिस, पण तिकडची भाडी..."

"कार्म," सॅव्ह म्हणाला. "भाड्याचं नव्हतंच गं."

"काय?"

"मला परवडत होतं. दर वर्षी नाही, पण एखाद्या वर्षी तरी. रेनेने दोनदा तिकिटं काढायला घेतली होती. मीच नको म्हणालो."

कार्मेनच्या डोळ्यांपुढे ते चार वर्षांचे आकडे आले, ती डार्विनवरून जाणारी विमानं.

"पा गेले तेव्हा मी दोन दिवस पर्थच्या विमानतळावर बसून होतो," तो म्हणाला. "कोणी आलं नाही तर जागा मिळेल म्हणून. आणि सगळे येत होते. सगळे! बापाच्या खांद्यावर पोरं, गळ्यात फुगवायच्या रिंगा, समुद्रावर निघालेली. मी एकेका कुटुंबाकडे बघायचो आणि म्हणायचो, एक जण आजारी पड रे. कोणीतरी एक. असलं वाईट मी आयुष्यात मागितलं नव्हतं. घरी आलो तर पांची खुर्ची होती आणि पा नव्हते. त्यानंतर त्या दाराशी उभं राहायचं म्हटलं, की मी भाड्याचं कारण पुढे करायचो. वाटायचं, मा विचारेल, कुठे होतास? तू अ‍ॅडलेड म्हणालीस, आणि मला वाटलं, हां, तिथे ते दार नाही. तिथे मी येऊ शकतो."

"मला सांगायचंस ना रे, गाढवा."

"तू इतक्या मनापासून भाडी बघायचीस."

तिला हसू आलं आणि रडूही. काय करावं न कळून तिने त्याला कोपराने ढोसलं, आणि नेमकी तेव्हाच तिच्या हातातली दोरी ताणली. दोघांनी मिळून ओढली. वर आलेल्या माकुलाने रागारागाने शाईची अशी पिचकारी सोडली की सॅव्हची दाढी पुन्हा काळी झाली. कार्मेन धक्क्याच्या फळ्यांवर आडवी होऊन हसत होती. तो थुंकत, शिव्या देत, हसत होता.

दीड डझन माकुलं घेऊन ते परतले. जूझा कांदा परतायला टाकून ओट्याशी लसूण चिरत होती. सॅव्हच्या तोंडाकडे तिने एकदा बघितलं, आणि कार्मेनच्या डोळ्यांकडे.

"बोललात वाटतं," ती म्हणाली.

"मा, तुला..."

"मला काय कळत नाही होय? मी मुद्दाम गप्प बसले. वाटलं, येईल तेव्हा येईल." तिने सुरी ठेवली, हात पुसले. "सॅव्ह, इकडे बस. दफनाच्या दिवशी दोनशे माणसं होती. कोण रडत होतं, कोण मला खाऊ घालत होतं, मला एकाचाही चेहरा आठवत नाही. संध्याकाळी सगळे गेले. कार्मेनला मी झोपायला लावलं, ती तीन दिवस उभी होती. घर असं रिकामं झालं, की मला वाटलं, आता मी काय करू? कोणाला वाढू? आणि दार वाजलं. तू होतास. मी तुला सूप गरम करून दिलं. आठवतं? आपण मागच्या पायरीवर बसलो होतो."

"आठवतं."

"तू तेव्हा आला नसतास, तर त्या रात्री मी कोणासाठी चूल पेटवली असती? लोक म्हणतात तुला उशीर झाला. माझ्यासाठी तर तू वेळेवर आलास. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. चल, आता ती माकुलं धू, कांदा करपेल."

सॅव्ह उठला नाही. आईच्या पोटाशी डोकं टेकवून बसून राहिला, शाईने माखलेल्या दाढीसकट. तिच्या नव्या पांढऱ्या ब्लाउजचं वाटोळं झालं. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. कांदा खरंच करपला, तो कार्मेनने हलवला.

जेवायला आठही जण एका टेबलाला बसले. जूझा मधोमध, एका हाताला सॅव्ह, एका हाताला कार्मेन. ती स्वतः फारसं जेवलीच नाही. एकदा याच्या ताटाकडे, एकदा तिच्या ताटाकडे बघत होती आणि कोणाचं संपलं की वाढत होती. बोडीने तीन माकुलं खाल्ली आणि चौथं मार्नीशी भांडून मिळवलं.

ताटं उचलायच्या आधी सॅव्हने फोन काढला.

"रेने, सप्टेंबरच्या सुट्टीला आपण मकायला जातोय."

रेनेने चमचा खाली ठेवला. ती नुसती हो म्हणून मान हलवत राहिली. कार्मेनने मात्र मान लांब करून पडद्यावर बघितलं.

"सॅव्ह, थांब. हे शनिवारचं आहे. मंगळवारचं घेतलंस तर... आणि जुलैच्या शेवटी परत सूट येते, मी बघून..."

"कार्मेन," जूझा म्हणाली, "गप्प बस."

आयुष्यात पहिल्यांदाच कार्मेन भाड्याच्या बाबतीत गप्प बसली. सॅव्हने पूर्ण भाड्याची तीन तिकिटं घेतली, शनिवारची, गर्दीच्या दिवसाची, वर बॅगांचे आणि मार्नीच्या खिडकीचेही पैसे भरले.

"तुझी खोली झाडून ठेवते," जूझा म्हणाली.

"नन्ना, त्या खोलीत डॅडचं पळायचं यंत्र आहे," टालियाने आजीला आठवण दिली.

"मग ते बाहेर काढा."

सगळे डॅरिलकडे बघायला लागले. डॅरिलने ते यंत्र घेतल्यापासून त्यावर टॉवेल वाळवण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

"मोठं दुःख होईल," तो म्हणाला, "पण सॅव्हसाठी एवढं करायलाच हवं," आणि पाव घ्यायला हात पुढे केला.